आरसा वर गेला की: जुन्या फिल्म एसएलआरवर फोटो काढताना

मावशीने तिचा पेंटॅक्स के १००० माझ्या हातात दिला तेव्हा आत रोल नव्हता. "आधी रिकामाच वाजव," ती म्हणाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, लिव्हर ओढला, खटका दाबला. खटॅक! व्ह्यूफाइंडरमध्ये क्षणभर काळोख झाला आणि परत उजेड आला.

"काय दिसलं?"

"काही नाही गं. मध्येच अंधार झाला."

"तोच फोटो. त्या अंधारात जे झालं ते फिल्मवर गेलं. रोल धुऊन येईपर्यंत तुला ते दिसणार नाही."

इतक्या वर्षांनी मला वाटतं, जुन्या एसएलआरचं, म्हणजे एकाच लेन्सने बघायच्या आणि टिपायच्या कॅमेऱ्याचं, सगळं सुख त्या अंधारात आहे. लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशात बसवलेल्या आरशावर पडतो, वर दुधी काचेवर चित्र उमटतं आणि पंचकोनी प्रिझम ते सुलटं करून डोळ्यापर्यंत आणतं. खटका दाबला की आरसा वर जातो, मागचा पडदा उघडतो, फिल्मला उजेड लागतो, पडदा मिटतो, आरसा खाली येतो. लेन्स एकच, आणि ती एका वेळी एकालाच दाखवते: तुम्हाला नाहीतर फिल्मला. म्हणून जो क्षण टिपला तोच तेवढा तुमचा बघायचा राहतो. फ्लॅश वापरलात तर याचा पडताळाच मिळतो. व्ह्यूफाइंडरमधून फ्लॅश चमकलेला दिसला, तर तो उजेड फिल्मपर्यंत पोचलेला नाही.

हा अंधार पूर्वी बराच लांब असायचा. १९३६च्या किने एक्झाक्टात मान खाली घालून वरून बघावं लागे, डावं-उजवं उलटं दिसे, आणि एक फोटो काढला की पुढची फ्रेम ओढेपर्यंत आरसा वरच राही. डोळ्यासमोर धरून सुलटं चित्र दाखवणारं प्रिझम १९४९च्या कॉन्टॅक्स एसमध्ये आलं. आरसा आपणहून झटकन खाली आणायची सोय १९५४च्या असाहिफ्लेक्स २बीने रुळवली. १९५९मध्ये निकॉन एफ आला तोवर हे सगळं एका अंगात जमून गेलं होतं. पुढच्या २५-३० वर्षांत जे कॅमेरे निघाले, त्यांच्याबद्दल मी लिहिते आहे.

कोणता घ्यावा

पहिला कॅमेरा यांत्रिक घ्या. सेल नसतानाही ज्याचं शटर सगळ्या वेगांवर चालतं, तो यांत्रिक. पेंटॅक्स के १००० (१९७६ ते १९९७ एवढी वर्षं तो बनत होता), ऑलिम्पस ओएम-१ (१९७२), निकॉन एफएम (१९७७) आणि एफएम२ (१९८२), मिनोल्टा एसआरटी १०१ (१९६६) हे सगळे या पंगतीतले. यांत सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला. कॅनन एई-१ सुंदर कॅमेरा आहे, पण ६ व्होल्टचा सेल संपला की तो खटकाही घेत नाही.

माझं मत के १०००च्या बाजूने झुकलेलं आहे, हे उघड आहे. त्यात सेल्फ टायमर नाही, फोटोत किती खोलवर स्पष्ट येईल ते तपासायचं बटण नाही, मीटर बंद करायची कळसुद्धा नाही, लेन्सवर झाकण घातलं की सेल वाचतो एवढंच. एक वेगाची चकती, एक ॲपर्चरची (लेन्सचं भोक लहानमोठं करायची) कडी, एक फोकसची कडी आणि एक काटा. शिकणाऱ्या माणसाला हे चार धागे हातात राहतात, आणि यापेक्षा जास्त मला आजही लागत नाही.

ओएम-१ किंवा एसआरटी १०१ घेत असाल तर सेलचा प्रश्न आधी समजून घ्या. हे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते, आणि ते सेल आता बनत नाहीत. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर चुकीचं दाखवू शकतं. श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, म्हणजे बराच जवळ. त्याला बारीक रबरी कडं घालून खाचेत बसवा. मात्र वरचा कागद काढला की तो हळूहळू आपोआप संपतो, म्हणून दोन जवळ ठेवा. के १०००ला साधा एलआर४४ बटणसेल चालतो.

विकत घेण्याआधी

लेन्स काढा, मागचं दार उघडा, कॅमेरा उजळ भिंतीकडे धरा आणि १/१००० सेकंदावर खटका दाबा. सबंध चौकट एकदम लखलखली पाहिजे. शटरचे पडदे दोन असतात, एक उघडणारा आणि एक मिटणारा; एक बाजू काळीच राहिली तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतो आहे, तो कॅमेरा दुरुस्तीशिवाय उपयोगाचा नाही. मग १ सेकंदावर लावा आणि कान द्या. आतल्या दातेरी चाकांचा एकसारखा किर्र आवाज यायला हवा. तो मध्ये अडखळला तर वंगण वाळलं आहे. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेतलात तर हे मोजताही येतं: १ सेकंदाला २४० फ्रेम, १/८ला ३०, १/३०ला ८. त्याहून जलद वेगांसाठी हा उपाय पुरत नाही. १/१०००च्या जागी शटर १/७०० वर चालत असेल, तर फरक अर्ध्या स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म तेवढा सहज पोटात घालते, त्यापायी चांगला कॅमेरा सोडू नका.

लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. धूळ असणारच, तिची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, आणि दमट कपाटात शेजारच्या लेन्सवरही उगवते. ॲपर्चरची पाती तेलकट नाहीत ना आणि कडी फिरवताच चटकन मिटतात ना, ते पाहा. जुन्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम घातलेलं असे. ती काच वर्षांनी चहासारखी पिवळी पडते. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा बराचसा उतरतो.

फोम

हे काम कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागच्या दाराच्या कडेने ज्या बारीक खाचा असतात, त्यांत उजेड अडवायला काळा फोम भरलेला असतो. आरसा वर जाऊन जिथे टेकतो तिथेही फोमची एक पट्टी असते. ३०-४० वर्षांत हा फोम विरघळून डांबर होतो. मावशीच्या कॅमेऱ्याचं दार मी पहिल्यांदा नीट पुसायला घेतलं, तेव्हा बोटाला काळा चिकट डाग लागला आणि साबणाने तीनदा धुऊनही गेला नाही. हेच डांबर फिल्मला किंवा पडद्याला लागलं तर नुकसान कायमचं. आणि फोम झडून गेलेला असेल तर रंगीत फोटोंवर बिजागराच्या बाजूने नारिंगी पट्टे येतात.

कॅमेरा पाठ वर करून ठेवा आणि पडद्यावर कागदाचा एक तुकडा अलगद आडवा ठेवा. टूथपिकचं टोक चपटं करून त्याने खाचेतला जुना फोम खरवडा. धातूचं हत्यार नको. उरलेला चिकटपणा कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसा. काडी ओली हवी, निथळती नको. मग दीड मिलिमीटर जाडीच्या चिकट पाठीच्या फोमच्या पट्ट्या कापून बसवा. खाचा फार अरुंद असतील तर काळी लोकर दाबून बसवली तरी उजेड उत्तम अडतो. मी बिजागराच्या बाजूला फोम आणि वरखालच्या खाचांत लोकर अशी वाटणी केली, त्याला बरीच वर्षं झाली, एकाही रोलवर पट्टा आलेला नाही.

आरशाला मात्र हात लावू नका. घरच्या आरशाला चांदी काचेच्या मागे असते, याला पुढून असते, आणि मऊ कापडानेही ती खरवडली जाते. रबरी फुग्याने हवा मारा, तेवढंच. आरशावर आणि दुधी काचेवर जी धूळ दिसते ती फोटोत येत नाही.

रोल भरताना

रोल भरणं हा मला या सगळ्यातला सर्वात आवडता भाग. सावलीत उभं राहायचं. रिवाइंडची खुंटी वर ओढली की दार उघडतं. डावीकडे डबी बसवायची, खुंटी खाली, फिल्मची जीभ उजवीकडे नेऊन गुंडाळणाऱ्या रिळाच्या फटीत घालायची. लिव्हर हळूच ओढून बघायचं की वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांच्या भोकांत दाते बसले आहेत. मग दार लावायचं, रिवाइंडचा दांडा बाणाच्या दिशेने फिरवून डबीतली ढील काढायची, जरा विरोध जाणवला की थांबायचं. आता दोन रिकाम्या फ्रेम, आणि त्या ओढताना नजर रिवाइंडच्या खुंटीवर. लिव्हर ओढताच ती उलटी फिरली पाहिजे. एका फ्रेमसाठी फिल्म ८ भोकं पुढे सरकते, आणि तेवढ्या सरकण्याने खुंटी स्पष्ट हलते.

माझ्या पहिल्या रोलला मी हे पाहिलं नव्हतं. ३६ फोटो काढले, प्रत्येक वेळी श्वास रोखून. लिव्हर लोण्यासारखा सरकत होता, आणि कॅमेरा किती छान चालतो आहे असं मला वाटत होतं. रिवाइंड करायला घेतलं तर दोन फेऱ्यांतच दांडा मोकळा फिरला. तरी रोल धुवायला दिला. परत आली ती सबंध पारदर्शक पट्टी. कडेला १ ते ३६ आकडे आणि फिल्मचं नाव ठळक, मध्ये काहीच नाही. जीभ फटीतून निसटली होती आणि फिल्म डबीतून बाहेरच आली नव्हती. मला आठवडाभर त्या न निघालेल्या फोटोंची हुरहुर होती. त्यातले दोन-तीन मला आजही डोळ्यांपुढे दिसतात.

त्या पट्टीने एक शिकवलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल. कडेचे आकडे कारखान्यातच उजेड देऊन छापलेले असतात. आकडे दिसताहेत आणि चित्र नाही, तर चूक कॅमेऱ्यात किंवा रोल भरण्यात. आकडेही नाहीत, तर चूक धुण्यात.

चकतीवर फिल्मचा आयएसओ (तिला उजेड किती लवकर लागतो तो आकडा) लावायला विसरू नका, आणि डबीच्या खोक्याचा फाडलेला तुकडा कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवा. दोन महिन्यांनी आत काय आहे ते आठवत नाही.

फिल्म कोणती? सुरुवातीला एकच निवडा आणि पाच-सहा रोल तिच्यावरच काढा. कृष्णधवल हवी तर ट्राय-एक्स ४०० किंवा एचपी५ प्लस, रंगीत हवी तर गोल्ड २००. न वापरलेले रोल बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका, फिल्मवर दव धरतं. विमानतळावर सीटी स्कॅनर असेल तर रोल हाताने तपासायची विनंती करा, तो किरण फिल्म धूसर करतो. आणि घरात जुने काढलेले रोल सापडले तर लवकर धुऊन घ्या. मावशीच्या कपाटात कोडाक्रोमची एक डबी मिळाली, जीभ पूर्ण आत, म्हणजे फोटो काढून झालेले. कोडाक्रोम १९३५ पासून होती, २००९मध्ये बंद झाली, आणि २०१०च्या अखेरीनंतर ती रंगात धुणारी शेवटची लॅबही थांबली. आता त्यातून निघालं तर कृष्णधवलच निघेल. मी ती अजून धुतलेली नाही.

उजेड

के १०००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कडेला एक काटा असतो. तो मध्यावर आला की उजेड बरोबर. पण हे मीटर सबंध चौकटीची सरासरी काढतं आणि जग मध्यम करडं आहे असं धरून चालतं. पांढऱ्या भिंतीसमोर माणूस उभा केलात आणि काट्याचं ऐकलंत, तर भिंत करडी आणि चेहरा काळवंडलेला येतो. म्हणून काट्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. मी आपला तळहात चेहऱ्यावर पडतो तसाच उजेड पडेल असा धरते, तळव्याने चौकट भरते, काटा मध्यावर आणते, आणि मग एक स्टॉप उघडते. तळवा करड्यापेक्षा साधारण एवढा उजळ असतो. ही युक्ती मला एकदाही फसलेली नाही.

मीटर बंद पडलं तरी अडत नाही. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ (आकडा मोठा, तेवढं भोक लहान), आणि वेग म्हणजे फिल्मच्या आयएसओच्या जवळचा आकडा: २००च्या फिल्मला १/२५०, ४००ला १/५००. विरळ ढग आले तर एफ/११, आभाळ भरलं तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६. एक आठवडा रोल न घालता हे आकडे मनात म्हणत फिरा आणि काट्याशी ताडून बघा. थोड्या दिवसांत उजेडाचा आकडा न मोजता सुचायला लागतो, आणि तेव्हा काय आनंद होतो ते लिहून सांगता येणार नाही. शंका असेल तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड द्या. जास्त झालेला ती सांभाळते, सावलीत कमी पडलेला मागून आणता येत नाही.

फोकस

व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एक वर्तुळ झिलमिलतं. फोकस चुकलेला असताना ते पाण्यावरच्या उन्हासारखं फुटलेलं दिसतं, बरोबर झाला की एकदम शांत होतं. काही कॅमेऱ्यांत वर्तुळ आडवं दुभंगलेलं असतं, त्यात उभी रेघ पकडायची आणि दोन तुकडे जुळवायचे. कडी फिरवताना जुळण्याच्या जागेवरून थोडं पुढे जा आणि परत या. नेमकी जागा ओलांडल्याशिवाय कळत नाही.

५० मिमीच्या लेन्सने एफ/२ वर १ मीटरवरचा चेहरा घेतलात, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ५ सेंटिमीटर असते. जवळच्या डोळ्यावर फोकस धरा. नाकावर धरला तर डोळे जातात. फोकस लावून चौकट जुळवताना शरीर मागेपुढे डुलतं, तेवढ्यानेही तो हलतो. उलट, चालत्या गर्दीत फोकस आधीच लावून ठेवता येतो: ५० मिमी, एफ/१६, कडी ५ मीटरवर, की अडीच मीटरच्या किंचित पुढून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. लेन्सवरच्या आकड्यांच्या जोड्या त्यासाठीच कोरलेल्या असतात.

चष्मा असेल तर घालूनच बघा. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत नंबर जुळवायची सोय नाही. काहींची आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीची, कड धातूची असते आणि चष्म्याच्या काचेवर ओरखडे पाडते, तिथे पातळ रबरी कडं बसवा. मी ते बसवलं तोवर माझ्या उजव्या काचेवर अर्धचंद्र उमटला होता.

खटका

डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना, बोट खटक्यावर सपाट. ५० मिमीला हातात १/६० पर्यंत निर्धास्त, भिंतीला टेकून १/३०. अर्धा श्वास सोडा आणि बोट दाबत न्या, टोचू नका.

आता तो अंधार. डोळ्याने पाहिलं आणि मेंदूने बोटाला सांगितलं, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. म्हणजे हसू दिसल्यावर खटका दाबलात तर हसू ओसरताना मिळतं. येणारा क्षण आधी ओळखायला लागतो, आणि हे शिकायला झोक्यासारखा गुरू नाही. झोका घेणाऱ्या मुलासमोर बसा. झोका वर जाऊन टोकाला पोचतो, तिथे क्षणभर स्थिर असतो, आणि तेव्हा १/१२५ सुद्धा पुरतो. पण तो टोकाला दिसल्यावर दाबलंत तर फोटोत तो उतरणीला लागलेला असेल. टोक यायच्या किंचित आधी दाबा. रोल न घालता वीस-पंचवीस वेळा करा. व्ह्यूफाइंडरमध्ये झोका वर चढताना दिसला, अंधार झाला आणि उजेड आला तेव्हा तो परत फिरलेला असला, की समजा तुम्हाला टोक मिळालं. जे दिसलं नाही ते मिळालं.

अंधार सरल्यावर डोळा काढू नका. फोटो झाला असं वाटून माणसं सैल होतात, खांदे खाली येतात, नजर खरी होते. डोळा तसाच ठेवून अंगठ्याने लिव्हर ओढा, पुढची फ्रेम तिथेच असते.

फ्लॅशबद्दल एवढंच: के १०००वर १/६० किंवा त्याहून हळू. आडव्या कापडी पडद्याचे बरेच कॅमेरे तिथेच थांबतात. एफएम२ तेवढा १/२००, पुढे १/२५० पर्यंत जातो.

वही

एक छोटी वही कॅमेऱ्याबरोबर ठेवा: फ्रेमचा आकडा, काय होतं, वेग, ॲपर्चर. मावशीच्या वह्यांत एकेक ओळ एवढीच आहे, पण काय बघून खटका दाबला तेही ती लिहायची. "पडदा उडाला म्हणून." "हसणार होती." फोटो हाती आला की वहीतलं आणि फोटोतलं शेजारी ठेवून बघायची. मीही तेच करते. आपण काय पाहिलं असं वाटलं होतं आणि काय आलं, हे त्यातूनच कळतं.

३६ झाल्यावर लिव्हर अडला तर जोर लावू नका, डबीतून फिल्म तुटते. तळाचं बटण दाबा, दांडा सावकाश फिरवा. हवा थंड आणि कोरडी असेल तर आणखी सावकाश, घाईने फिरवल्यास ठिणग्या पडून फिल्मवर विजेच्या रेषा उमटतात.

रंगीत रोल लॅबला द्या. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ रसायनांना ३८ अंश तापमान नेमकं राखावं लागतं, तिथे लॅबचा हात जास्त बसलेला असतो. फक्त निगेटिव्ह परत मागा, नुसत्या स्कॅनवर समाधान मानू नका. कृष्णधवल मात्र घरी धुऊन बघाच. काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत फिल्म रिळावर चढवायची, टाकीत बंद करायची, मग उजेडात सगळं. १९२७ पासून चालत आलेला डी-७६ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) तेवढंच पाणी मिसळून, २० अंशाला, ट्राय-एक्सला पावणेदहा मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला ५ सेकंद टाकी उलटीसुलटी करायची. मग डेव्हलपरला थांबवणारं स्टॉपचं द्रावण, चित्र पक्कं करणारा फिक्सर, भरपूर पाणी. पहिल्यांदा एक वाया जाणारा रोल घेऊन उजेडात रिळावर चढवायचा सराव करा, डोळे मिटून.

ओली पट्टी टाकीतून उलगडताना मी अजून उभीच राहते, बसवत नाही. वाळली की खिडकीच्या काचेला लावून बघते. त्यासाठी भिंग घ्यायची गरज नाही, कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स काढून उलटी डोळ्याजवळ धरा, ती पाचपट मोठं दाखवते.

मागच्या रोलची २३वी फ्रेम तशीच पाहिली. वहीत लिहिलं होतं: "मावशी, सुई ओवताना, संध्याकाळची खिडकी, १/३०, एफ/२. पापण्या खाली." मी टेबलाला कोपर टेकून तिच्या उजव्या पापणीवर फोकस धरला होता. दोरा सुईच्या नेढ्यातून आत गेला असं वाटलं तेव्हा दाबलं. अंधार झाला, उजेड आला, ती सुईकडेच बघत होती. निगेटिव्हमध्ये सुई जराशी धूसर आहे, दोरा अजून बाहेर आहे, आणि मावशीची बुबुळं पांढरी, सरळ लेन्सकडे रोखलेली.

मी तिला विचारलं, तू माझ्याकडे कधी बघितलंस? ती म्हणाली, "तुझा आरसा वर गेला तेव्हा."